गावाकडच्या घरासाठी दवाखाना, डॉक्टर आणि योजना: खान्देशात घडी कशी बसवायची?

अनेर

नमस्कार मंडळी. मी नोकरीमुळे पुण्यात असतो. घर चोपडा तालुक्यात, अनेर नदीच्या पट्ट्यात. घरी वडील आहेत, वय ७२, बारा-पंधरा वर्षांपासून साखर आणि आता बीपी. आई ६६ ची, गुडघे धरलेत आणि एका डोळ्याने अंधुक दिसतं. धाकटा भाऊ शेती बघतो. भावजय दुसऱ्यांदा गरोदर आहे, पाचवा महिना. पुतण्या चार वर्षांचा.

आजवर दुखलं की ज्याला जसं सुचेल तसा तो जातो. वडील गावातल्याच एकाकडे जाऊन सलाईन लावून येतात, आई शेजारणीच्या गोळ्या घेते, पोराला ताप आला की थेट जळगाव. कागद कुठेच एकत्र नाहीत. मला घरातल्या सगळ्यांसाठी एक नीट व्यवस्था लावून द्यायची आहे: रोजच्या दुखण्याला कोण, मोठ्या दुखण्याला कुठे, आणि पैशाची सोय काय. खान्देशातल्या लोकांनी स्वतः काय केलं ते सांगाल तर फार मदत होईल. आम्हाला जळगावही आहे आणि शिरपूरमार्गे धुळंही, म्हणून गोंधळ जास्त.

वाघूर

दादा, सरळ सांगतो. मोठं काही असलं तर नाशिक गाठा. आमच्याकडे जामनेरला सगळे तेच करतात. इथे दोन दिवस घालवायचे आणि मग 'पुढे न्या' ऐकायचं, त्यापेक्षा आधीच गेलेलं बरं.

सिस्टर_तापीकाठ

मी आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून उपकेंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत काम केलं आहे, आता निवृत्त. वाघूर दादांचं म्हणणं मनापासूनचं आहे, पण मला ते पटत नाही, आणि का ते सविस्तर लिहिते.

नाशिकला जाऊन ऑपरेशन होतं. पण ७२ वर्षांच्या माणसाची साखर नाशिकचा डॉक्टर सांभाळत नाही. ती सांभाळायची असते दर महिन्याला, घरापासून बसने जाता येईल अशा ठिकाणी. आपल्या भागात माणसं हृदयाने किंवा किडनीने जातात ती बहुतेक त्या आधीच्या दहा वर्षांच्या दुर्लक्षामुळे. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी घरं अशी गेली. म्हणून पहिला प्रश्न 'सगळ्यात मोठं रुग्णालय कुठलं' हा धरू नका. 'दर महिन्याला आपल्याला ओळखणारं कोण' हा धरा.

सरकारी रचना अशी आहे. साधारण ५००० वस्तीला एक उपकेंद्र (आदिवासी आणि डोंगरी भागात ३०००), ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र (आदिवासी भागात २०,०००), त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, आणि वर जिल्हा किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. तुमच्यासाठी चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय ही मधली पायरी आहे.

उपकेंद्रात आता बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात, लोक त्यांना सीएचओ म्हणतात. बीपी, साखर तपासणं, चालू गोळ्या देणं आणि ई-संजीवनीवरून (सरकारची व्हिडिओ कॉलवरची सल्ला सेवा) मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देणं हे त्यांचं काम आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणीही याच यंत्रणेतून होते. घरातल्या बायका या तपासणीला लाजतात आणि मागे राहतात, तर आईला भावजयीसोबत पाठवा.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे थोडे पैसे लागतात. गावातले लोक दोन्हींना 'सिव्हिल'च म्हणतात, आणि मग खिडकीवर वाद होतात.

वडिलांची गावातली सलाईन मात्र आधी बंद करा. बीपीच्या आणि हृदयाच्या माणसाला कारण नसताना सलाईन चढवणं धोक्याचं आहे. अशक्तपणा वाटतो तो बहुतेक साखर बिघडल्याने. ती तपासायला हवी.

वाघूर

सिस्टर, महिन्याच्या गोळ्यांचं मान्य. पण छातीत दुखायला लागलं तर कुठे जायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे ना?

सिस्टर_तापीकाठ

हो, तेच तर. छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात भरून आला, की १०८ ला फोन आणि जिथे ईसीजी निघतो अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी आधी. तिथे ईसीजी निघाला आणि पहिली औषधं मिळाली की मग कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा बघून काढायची सोय) असलेल्या रुग्णालयात. घरातून निघून चार तास गाडीत, आणि वाटेत ना ईसीजी ना औषध, असं करू नका. लकव्यालाही तेच. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात उचलेना, तर त्याला 'वारं लागलं' म्हणून तेल चोळत बसायचं नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. त्यामुळे सीटीची सोय कुठे आहे ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

पांझरा

मी धुळ्याचा. योजनेबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरात तिचा उपयोग वेगवेगळ्या माणसांसाठी झाला आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यात धुळे होतं, म्हणून आमच्याकडे लोकांना ती लवकर कळली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि पुढे आयुष्मान भारतशी ती जोडली गेली.

सगळ्यात महत्त्वाचा बदल १ जुलै २०२४ चा आहे. तेव्हापासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. 'आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही मिळत नाही' असं अजूनही लोक म्हणतात, शिकलेलेही म्हणतात. तुमचे वडील सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ते सुरू झालं, आधारवर निघतं आणि उत्पन्नाची अट नाही. घराला आधीच आयुष्मानचं कवच असेल तर ज्येष्ठांना वर्षाला आणखी ५ लाख स्वतंत्र मिळतात.

आता जिथे लोक फसतात ते.

ही योजना दाखल होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांची आहे. बाह्यरुग्ण तपासणी, महिन्याच्या गोळ्या यात नाहीत. दाखल झाल्यावर मात्र तपासण्या, औषधं, ऑपरेशन, जेवण आणि सुटीनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा त्यातच धरलेला आहे.

रुग्णालय योजनेत आहे म्हणजे त्यातला प्रत्येक विभाग योजनेत आहे असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. म्हणून योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन करून किंवा तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या कामासाठी रुग्णालयात बसणारा माणूस), 'या आजारासाठी इथे चालतं का' हे दाखल व्हायच्या आधी विचारायचं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, ते खासगीत योजनेत होत नाहीत. आणि रोख भरून दाखल झालात तर नंतर ते बिल योजनेत वळवणं फार अवघड जातं. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी काउंटरवर ठेवायचं.

गिरणाई

पांझरा दादांनी लिहिलं त्यात एक भर. आमच्या भडगावकडे निम्म्या सुनांची नावं सासरच्या रेशनकार्डात नसतात. लग्न झालं, माहेरच्या कार्डातून नाव कमी केलंच नाही, मग तो दाखला नाही म्हणून सासरी चढत नाही. एरवी कोणाला फिकीर नसते, आणि बाळंतपणात काही अडलं की मग सगळे तहसीलला पळतात. अनेर दादा, भावजयीचं नाव तुमच्या कार्डात आहे का ते आजच बघा. पुतण्याचंही बघा. तान्ह्या बाळाला जन्मदाखला आणि आईबापाचं कार्ड यावर अडत नाही म्हणतात, पण आरोग्यमित्राकडून आधी खात्री करून घ्या.

आणि कार्डाला १२ अंकी ऑनलाइन नंबर आहे ना तेही तपासा. जुनं कार्ड हातात आहे आणि ऑनलाइन नोंदच नाही असं खूप घरांत आहे.

अनेर

गिरणाई ताई, आत्ताच भावाला फोन केला. भावजयीचं नाव खरंच नाही. तिचं माहेर पारोळ्याकडे, तिथल्या कार्डातच आहे. या कामाला उद्याच लावतो त्याला.

सिस्टर, भावजयीबद्दल विचारायचं होतं. पहिलं बाळंतपण खासगीत झालं होतं, सिझर. आता गावातल्या आशाताई घरी येऊन गेल्या, पण आमच्या घरात 'सरकारीत नको' असंच बोलणं आहे.

सिस्टर_तापीकाठ

पहिलं सिझर आहे ना, मग या खेपेला बाळंतपण कुठे होणार हे सातव्या महिन्याच्या आत ठरवा. सरकारी की खासगी यापेक्षा दोन गोष्टी बघा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ येतो का, आणि रक्ताची सोय आहे का. या दोन्ही नाहीत तिथे सिझर झालेल्या बाईला ठेवू नका, मग बोर्ड कितीही मोठा असो. चोपड्यात, शहाद्यात काही तज्ज्ञ ठरलेल्या वारी येऊन जातात. ते चांगले असतात, पण 'ते नसतात त्या दिवशी कोण बघतं' हे तोंडावर विचारायचं. विचारण्यात काही वाईट नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रावर डॉक्टर गरोदर बायांची तपासणी करतात, मोफत. खासगीत दाखवत असाल तरी त्या दिवशी एकदा न्या. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर चढतं. ते कार्ड तिच्या पिशवीत कायम राहू द्या, कुठेही दाखल केलं तरी पहिला प्रश्न त्याचाच असतो. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, जेवण आणि आणणं-पोचवणं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, बाळ आजारी पडलं तर वर्षभर तेही. गाडीसाठी १०२.

आशाताईंना घरात बसवून चहा द्या आणि त्यांचं ऐका. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या बाळ बघायला येतात. बाळ थंड पडणं, दूध न ओढणं, छाती आत ओढली जाणं, हे आजीच्याही आधी त्यांच्या लक्षात येतं. त्यांच्यामुळे वाचलेली बाळं मी पाहिली आहेत.

बुराई

भाऊ, तुम्हनी मायले आधी डोळाना डॉक्टरले दखाडा. मन्ही बी माय अशीच बसी राहिनी, म्हणे वय व्हयनं, आते काय दखाडानं.

(पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो.) ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ते मोतीबिंदू आहे की साखरेचा की काचबिंदूचा त्रास आहे ते बघून ऑपरेशनसाठी पुढे पाठवतात. सरकारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासहित मोफत होतं. साखरेच्या माणसाचा डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायलाच हवा, तेव्हा वडिलांनाही त्याच फेरीत न्या.

प्रवासाचंही सांगतो, कारण आमच्या शिंदखेड्याकडे बरीच म्हातारी माणसं भाड्यापायी जात नाहीत. एसटीत ७५ च्या पुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. तुमची आई आणि वडील दोघंही सवलतीत बसतात.

औषधवाला

धरणगावला औषधाचं दुकान आहे. दोन-तीन गोष्टी रोज दिसतात त्या लिहितो.

पेशंट येतो, 'ती पांढरी गोळी द्या'. डॉक्टर बदलला की जुनी गोळी आणि नवी गोळी, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या, दोन्ही चालू राहतात. बीपी एकदम उतरून माणूस बाथरूममध्ये पडतो. म्हणून घरात प्रत्येकाची वेगळी फाईल करा. पहिल्या पानावर आजार, चालू औषधांची नावं (कंपनीचं नाही, औषधाचं), कशाची ॲलर्जी, रक्तगट, आधीची ऑपरेशनं. नवा डॉक्टर बघेल तेव्हा आधी ते पान पुढे करायचं. त्याचा फोटो तुमच्या पुण्याच्या फोनमध्येही ठेवा.

वडिलांच्या तपासण्या: तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, दर तीन ते सहा महिन्यांनी. क्रिएटिनीन, लघवीतली प्रथिनं, चरबी वर्षातून एकदा तरी. पायाचे तळवे रोज रात्री भावाने बॅटरी लावून बघायचे. शेतात अनवाणी जाऊ देऊ नका. आपल्याकडे काटा रुतलेला कळत नाही आणि पाय काढायची वेळ येते.

इन्सुलिन चालू झालं तर उन्हाळ्याचं बघा. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या आसपास जातो आणि त्यात वीज जाते. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवायची. बर्फाला चिकटवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. बसच्या खिडकीत, दुचाकीच्या डिकीत तर कधीच नको.

जेनेरिकबद्दल लोक मला विचारतात. जन औषधी केंद्रातलं औषध चालतं. मी दुकानदार असून सांगतो, साखर-बीपीच्या कायमच्या गोळ्या तिथून घ्या, नाहीतर खर्चापायी लोक मधेच बंद करतात आणि ते सगळ्यात वाईट. फक्त दर महिन्याला रंग-आकार बदलतो म्हणून घरातल्यांनी पाकिटावरचं नाव वाचून द्यायचं.

केळीबाग

रावेरहून. घरात शेती आहे म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. साप चावला तर आमच्याकडे अजून माणसं आधी मंत्रवाल्याकडे नेतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्या शिवारात आहेत. मण्यार तर झोपेत चावते आणि खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटताहेत, बोलताना जीभ जड होतेय, तर साप चावला असं धरूनच पळायचं. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात. साप मारून सोबत न्यायची गरज नसते, त्यात दुसऱ्याला चावतो. तुमच्या प्राथमिक केंद्रात प्रतिविष ठेवतात का, रात्री डॉक्टर असतात का, ते पेरणीच्या आधी भावाने एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारावं.

फवारणीच्या औषधाचंही तसंच. कापसावर फवारताना चक्कर आली, तोंडाला फेस आला, की अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवायचं आणि औषधाची बाटली लेबलसकट डॉक्टरकडे न्यायची. बाटलीवरचं नाव कळलं की उतारा लवकर ठरतो. उलटी काढायला मीठपाणी पाजू नका.

सातपुडा_शाळा

मी धडगावकडे शिक्षक आहे. धागा वाचत होतो. तुमच्याकडे चोपडा, शिरपूर, जळगाव असे तीन पर्याय आहेत आणि त्यामुळे गोंधळ आहे. आमच्याकडचा प्रश्न पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा आहे. अजूनही बांबूला झोळी बांधून बाईला खाली आणतात. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना बोटीतला तरंगता दवाखाना आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याकडे उतरायची वाट बंद. म्हणून आमच्या भागात नववा महिना लागला की बाईला आधीच केंद्राजवळ आणून ठेवणं हाच खरा उपाय आहे. काही प्राथमिक केंद्रांत त्यासाठी माहेरघर आहे, तिथे तिला राहता येतं, जेवण मिळतं. मी पालकसभेत हेच सांगतो, पावरी बोलणारी मोठी मुलं आईबापांना समजावतात तेव्हा जास्त पटतं.

पण मी लिहायला बसलो ते सिकलसेलसाठी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारासाठी. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला, म्हणजे चोपडा-यावल-शिरपूरच्या वरच्या गावांतही, भिल, पावरा, कोकणी, मावची समाजांत हा आजार आहे. वर्गात एखादं पोर सारखं हातपाय दुखतात म्हणतं, डोळे पिवळे, वर्षभर वजन हलत नाही. लोक कावीळ म्हणून मुळी बांधतात. साधी विद्राव्यता चाचणी केंद्रात मोफत होते, तिच्यात शंका आली की पुढची पक्की तपासणी. वाहक असणं (दोष फक्त एकाच पालकाकडून आलेला असणं) हा आजार नाही, वाहकाला सहसा काही होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला आजार होईल. म्हणून लग्नाआधी तपासणी. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, तेव्हापासून शाळेतही तपासण्या वाढल्या आहेत.

ज्यांना आजार आहे त्यांनी हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. या आजाराला २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वात धरलं आहे, त्यामुळे तपासणी मंडळाकडून प्रमाणपत्र मिळू शकतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला ते मिळाल्यावर तिचं शिक्षण टिकलं. पाड्यावरच्या प्रत्येक शिक्षकाने हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अनेर

गुरुजी, नमस्कार. आमच्या सालदाराच्या मुलाची लक्षणं अगदी हीच आहेत. तो बारेला पावरा आहे. त्यालाही तपासायला सांगतो.

आणखी एक नवीन काळजी. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी पुतण्याच्या हृदयात 'आवाज' आहे म्हणून चिठ्ठी दिली. घरात सगळे घाबरलेत. वडील म्हणतात लगेच मुंबईला नेऊ.

सिस्टर_तापीकाठ

घाबरू नका. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. हृदयात ऐकू येणारे बरेच आवाज निरुपद्रवी असतात, काहींत पडद्याला छिद्र असतं. स्टेथोस्कोपवरून ते ठरत नाही, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो. चिठ्ठी जपून ठेवा, त्यावरूनच पुढची वाट मोफत होते: इको, आणि लागलंच तर ऑपरेशनही. पथकातल्या डॉक्टरांचा नंबर आशाताईंकडे असतो. त्यांना फोन करून इकोची तारीख आणि ठिकाण घ्या. तोवर पोराचे ओठ निळे पडतात का, खेळताना लवकर दमतो का, रात्री घाम येतो का, एवढं बघा. यातलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका.

नवापूरकर

आम्ही सुरतला जातो. भुसावळ-सुरत गाडीने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरची माणसंही जातात. आयुष्मान कार्ड असेल तर ते गुजरातमध्येही चालतं, नोंदणीतलं रुग्णालय हवं. पण घराला फक्त राज्याच्या फुले योजनेचा लाभ असेल तर सीमेपलीकडे तसंच चालेल असं धरू नका, आधी १५५३८८ ला विचारा. आमच्या पाहुण्यांना हे तिथे पोचल्यावर कळलं आणि म्हैस विकावी लागली.

पांझरा

याच्याशी जोडूनच. माझ्या काकूचं ऑपरेशन योजनेत झालं, तेव्हा एका खासगी रुग्णालयात 'हे इम्प्लांट योजनेत बसत नाही, वरचे द्या' म्हणून तोंडी पैसे मागितले. आम्ही 'लिहून आणि पावतीसह द्या' एवढंच म्हटलं आणि आरोग्यमित्राला बोलावलं. पैसे मागायचं तिथेच थांबलं. कोणाला असं झालं तर भांडत बसू नका, आरोग्यमित्र, मग हेल्पलाइन, मग योजनेचे जिल्हा समन्वयक. पावती नसलेला एक रुपयाही देऊ नका.

वाघूर

एवढं सगळं इथे मिळतं हे मलाही माहीत नव्हतं. पण कर्करोगासारखं काही निघालं तर? माझ्या मामांना तोंडाचा निघाला होता, गुटखा. जळगाव, नाशिक, मुंबई असं फिरत होतो.

गिरणाई

वाघूर दादा, माझ्या सासऱ्यांचंही तेच होतं. आम्हाला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाचा फार आधार झाला. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या लोकांना ते मुंबईपेक्षा जवळ पडतं आणि किरणोपचारासाठी रोज जावं लागतं तेव्हा जवळ असण्याला किंमत येते. मुंबईला परळच्या टाटात जायचंच असेल तर रेल्वेची सवलत घ्या. रुग्णालयाने भरून दिलेला फॉर्म दाखवला की रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट मोफत आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट मिळते. पहिल्या खेपेला तो फॉर्म नसतो, तो तिथून मागून घ्यायचा, कोणी आपणहून देत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट, ब्लॉक (मेणात जपलेला तपासणीचा तुकडा) आणि स्लाइड ज्या लॅबने काढल्या त्यांच्याकडून मागून घ्या. नुसता कागद नेला तर मोठ्या रुग्णालयात सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं आणि आठवडे जातात. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणं, तीन आठवड्यांवर राहिलं की दाखवायचंच. आमच्याकडे सगळे पुरुष तंबाखू मळतात आणि दात दुखतो म्हणून लवंग धरतात.

अनेर

भावाने नाव कमी करायचा अर्ज पारोळ्याला दिला. वडिलांचं वय वंदना कार्ड गावातल्या केंद्रावर निघालं, बोटांचे ठसे उमटत नव्हते म्हणून आधारच्या ओटीपीवर काढलं. एक शेवटचं विचारतो. योजनेच्या यादीत न बसणारं काही निघालं आणि ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर?

पांझरा

तिथे धर्मादाय खाटा मागा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१अअ कलमाखाली आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. दाखला काढायला वेळ जातो, म्हणून भाऊ तहसीलला जाईल तेव्हा त्याच फेरीत तोही अर्ज द्यायला सांगा. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय समाजसेवक बसतात, पहिली भेट त्यांची घ्या. खाट रिकामी नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात चौकशी होते.

सिस्टर_तापीकाठ

आणि अनेर दादा, घरात एक माणूस ठरवा जो फाईली सांभाळेल. माझं मत, भावजयीला सांभाळू द्या. ती रोज घरात असते, आशाताईंशी तिचंच बोलणं होतं आणि वाचता येतं. तिच्या फोनमध्ये १०८, १०२, १५५३८८ आणि मन फार खचलं तर टेलिमानसचा १४४१६, चारही नंबर नावासकट टाका. आई-वडिलांना विदगावमार्गे जळगावला न्यायचं की शिरपूरला, हे आजारागणिक तिने आणि भावाने मिळून आधीच लिहून ठेवावं. ९ तारीख जवळ आलीच आहे, तिला त्या दिवशी केंद्रावर पाठवाल तेव्हा वडिलांनाही सोबत पाठवा, बीपी आणि साखर दोन्ही तिथेच होईल.